फाटकावरचा शर्ट

सोमवार, ३ जून

शाळेच्या पंचाहत्तर वर्षांचं पुस्तक अखेर माझ्याच गळ्यात पडलं. माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष स्वतः घरी येऊन सांगून गेले. ते इमारतींची कंत्राटं घेतात. बसतात तेव्हा खुर्ची कुरकुरते आणि बोलतात तेव्हा भिंती ऐकतात. मला वाटलं होतं, शर्टाच्या प्रकरणावर पडदा टाका असं सांगायला आले असतील. पण ते उलटंच म्हणाले. ते प्रकरण पुस्तकात यायलाच हवं, आणि मी लिहिलं तरच ते न्यायाचं होईल, कारण मी शाळेत लागले ती त्याच्या पुढच्या वर्षी. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. निवृत्तीनंतर इतक्या आदराने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

प्रकरण मला शिक्षकखोलीत कळलं ते असं. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या तळहातांना सारखा घाम सुटायचा आणि वहीवर शाई फुटायची. वर्गाने त्याचं नाव ठेवलं टिपकागद. नाव पडल्यावर त्याचा वापरही सुरू झाला. येताजाता पोरं पेनाची निबं टिपकागदाच्या शर्टाला पुसू लागली. आई बिचारी रोज शर्ट धुवायची. मग एक दिवस तिने धुणं बंद केलं आणि शाईने बरबटलेला शर्ट नेऊन शाळेच्या फाटकावर टांगला. दुसऱ्या दिवशी दुसरा. वर्तमानपत्रात फोटो आला, चौकशी बसली, मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला आणि टिपकागद शाळा सोडून गेला. आजही अर्धं गाव म्हणतं मुख्याध्यापकांवर अन्याय झाला, अर्धं म्हणतं बरं झालं.

हे छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून माझीच मुद्रितं तपासतात, म्हणजे मी बोलले की चूक काढतात. म्हणाले, "दोन्ही बाजूंचं लिहिणार म्हणतेस, पण दुसरी बाजू कुठे राहते ते तरी माहीत आहे का?" शोधू म्हटलं.

नात आल्यापासून घरात पसारा आणि आनंद दोन्ही वाढलेत. मुलगा-सून वर्षभर कामासाठी बाहेर आहेत, तोवर ती आमच्याकडे. आपल्याच शाळेत दुसरीत घातलीय. बुटाची नाडी बांधायला बसली की तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो. मी तिचं नाव गोगलगाय ठेवलंय. हे मात्र तिला पूर्ण नावाने हाक मारतात, जणू हजेरी घेतायत.

शनिवार, ८ जून

पद्धत ठरवली. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे प्रमाण चुकलेलं मला चालत नाही. पानाचे दोन रकाने करायचे. डावीकडे अध्यक्ष लिहितील, कारण तेही त्याच वर्गात होते आणि शर्टाला निबं पुसण्यात पुढे होते. हे त्यांनीच सांगितलं, अगदी छातीवर हात ठेवून. उजवीकडे टिपकागद लिहील. दोन्ही रकाने फूटपट्टीने मोजून सारखे. खाली मुख्याध्यापकांचं म्हणणं. ज्याचा ज्याचा उल्लेख आहे त्याला पान छापण्याआधी वाचायला द्यायचं. यापेक्षा न्यायाचं काय असतं?

आणखी एक ठरवलं. टिपकागदाचं खरं नाव छापायचं नाही. माणूस कुठेतरी संसार थाटून बसला असेल, उगाच कशाला उघडा पाडा. टोपणनाव पुरे. ज्यांना आठवतं त्यांना कळेल, बाकीच्यांना कळायचं कारण नाही. यांनी विचारलं, त्याला झाकतेस ते नक्की कोणापासून. मी म्हटलं, तुम्ही स्वल्पविराम बघा.

गुरुवार, १३ जून

जुन्या मुख्याध्यापकांना भेटून आले. मुलाच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर असतात. अंगात काही उरलेलं नाही, पण डोळे अजून वर्गावर फिरतात. मला बसायला सांगितलं तेही "बसा खाली" असं, सगळ्या वर्गाला सांगतात तसं.

स्मरणशक्ती मात्र थक्क करणारी. त्या वर्षीची आठवीची हजेरी त्यांनी मला डोळे मिटून म्हणून दाखवली. नाव, आडनाव, कोण कुठल्या बाकावर. एकदाही अडखळले नाहीत. मधे टिपकागद आला तोही त्याच्या जागी, त्याच लयीत. मी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. खरं नाव विचारलं तर जरा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेच नाव होतं ना त्याचं?" मग थकले. वय झालंच आहे.

राजीनाम्याबद्दल म्हणाले की मुलांची थट्टा होती, आपणही हसण्यावारी नेलं, म्हणजे ती आपोआप विरेल असं वाटलं. त्या मुलाच्या आईला भेटायला बोलावलं होतं, पण बोलणं जमलं नाही. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. अन्याय त्यांच्यावरही झाला असणार असं मला वाटतं.

सोमवार, १७ जून

अध्यक्षांचा मजकूर आला, सोबत फोटो. एका रकान्याची जागा दिली होती, त्यांनी पुस्तिकाच पाठवली. पण लिहिलंय मनापासून. 'आम्ही टिपकागदाला काय केलं' इथून सुरुवात करून स्वतःला जराही सोडलेलं नाही. वाचताना माझे डोळे भरून आले. टिपकागदाच्या आईचा उल्लेख 'एक संतप्त पालक' असा आहे, तो ठेवला. बाकी कापाकापी करून रकान्यात बसवलं. फोन केला तर म्हणाले, बाई, हे लिहिल्यावर पहिल्यांदा हलकं वाटलं.

सकाळी गोगलगाय डबा विसरून गेली. मी फाटकापर्यंत धावत गेले आणि रांगेत उभी होती तिथे हाक मारली, "ए गोगलगाय, डबा!" सगळी रांग खिदळली. ती डबा हिसकावून अशी पळाली की बास. धावता येतं तर बाईसाहेबांना.

शनिवार, २२ जून

शाळेच्या जुन्या रजिस्टरातून माग काढत टिपकागद सापडला. दोन बस बदलून जावं लागतं अशा वस्तीत त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान लहान पण लखलखीत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आरशासमोर फ्रेमा ओळीने मांडलेल्या, आणि त्याच्या हातांत पांढरे सुती मोजे. काचेवर बोट उमटू नये म्हणून घालत असेल. गल्ल्यावर त्याची मुलगी होती, कॉलेजात शिकते. एक गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम डोळ्यांवर घेऊन बसलं होतं.

मी आत शिरल्या शिरल्या ओळख दिली. म्हटलं, "तुम्हीच ना टिपकागद? मी आपल्या शाळेतली." तो वळला, हसला, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरची काच बदलता बदलता मला स्टूल दाखवलं. गिऱ्हाइकाला तीच ती काच त्याने पुन्हा पुन्हा घालून दाखवली. कामात अगदी बुडून जाणारा माणूस.

मुलीने विचारलं, "बाबा, टिपकागद म्हणजे?" तो म्हणाला, शाळेतलं काहीतरी. माझ्याच्याने राहवेना. मुलांना आईवडिलांचा इतिहास कळायला हवा. मीच तिला सगळं नीट समजावून सांगितलं, शर्ट, निबं, फाटक, वर्तमानपत्र. पोरगी गुणी आहे. मधे एकदाही बोलली नाही, फक्त वडिलांच्या मोज्यांकडे बघत होती.

लिहायला मात्र तो तयार होईना. आवाज न चढवता नको म्हणत राहिला. मी म्हटलं, मग तुमचा रकाना रिकामा राहील आणि ते तुमच्यावरच अन्यायाचं होईल. शेवटी म्हणाला, तुम्हीच लिहा आणि मला पाठवा. माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता, तो निघताना बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. काम फत्ते.

मंगळवार, २५ जून

गोगलगाईचं पोट दुखतंय. शाळेत जायच्या वेळी दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. सोंगाडी कुठली. हे म्हणतात डॉक्टरला दाखवू, मी म्हणते नाटक आहे. दुपारी बाहुल्यांची शाळा मांडून बसली होती. एका बाहुलीला तिने कोपऱ्यात उभं केलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, ती हळू आहे.

शुक्रवार, ५ जुलै

पान तयार झालं. दोन्ही रकाने ओळीला ओळ सारखे आले. टिपकागदाचा रकाना मी त्याच्या वतीने लिहिला, तृतीयपुरुषी, त्याला कुठे खुपणार नाही असा. यांनी शेवटची नामसूची केली. 'ट'खाली टिपकागद एकटाच आहे. यांनी पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह केलंय, ते मी खोडून टाकलं. तिघांना पानं पाठवली. मुख्याध्यापकांच्या मुलाचा फोन आला की बाबांना वाचून दाखवलं. अध्यक्ष खूश आहेत.

आज मी स्वतःवरही खूश आहे. इतक्या वर्षांचं भिजत पडलेलं घोंगडं मी एका पानात वाळत घातलं.

बुधवार, १० जुलै

आजचं आजच लिहिते.

चष्मेवाले आले होते. फोन न करता, दुपारी, दुकान बंद ठेवून. मी दार उघडून "या या, टिप—" एवढं म्हणाले आणि त्यांचा चेहरा बघून पुढचं तोंडातच राहिलं. ते बसले नाहीत. पान घडी करून खिशात आणलं होतं. हातांत मोजे नव्हते. घडी उलगडून टेबलावर ठेवली तेव्हा कागदावर बोटांचे ओले ठसे उमटलेले होते.

म्हणाले, "बाई, माझं नाव छापायचं नाही असं ठरवलंत ना?"

मी हो म्हटलं, तुमच्यासाठीच.

"मग हे काय आहे? माझ्या खऱ्या नावाने मला कधी लागलं नव्हतं हो. लागलं ते या शब्दाने. तुम्ही त्याला सूचीत घातलंत."

मी काहीतरी बोलू गेले की ओळख लपावी म्हणून केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की शाळा सोडल्यापासून हा शब्द त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. बायकोलाही माहीत नव्हता. वस्ती निवडली ती याच हिशेबाने, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. आणि मी दुकानात पाऊल टाकलं ते तो शब्द घेऊनच.

"मुलगी माझ्याशी फार चांगली वागतेय," ते म्हणाले. "त्या दिवसापासून. माझ्या हातात टॉवेल आणून देते, न मागता. आधी भांडायची. मला ती भांडणारी मुलगी परत हवी आहे, बाई. ती कुठून आणू?"

मी हात जोडले. माफी मागितली. ते म्हणाले, असू द्या. दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि 'एक संतप्त पालक' या शब्दांवर बोट ठेवलं. त्यांची आई गेल्या वर्षी वारली. "ती संतापलेली नव्हती," म्हणाले. "टांगण्याआधी ती त्या शर्टाला इस्त्री करायची. डाग दिसले पाहिजेत, पण शर्ट चुरगळलेला दिसता कामा नये. फाटकावर अडकवल्यावर बाह्या सरळ करायची. मी शेजारी उभा असायचो. काही लिहायचंच असेल तर तिचं नाव लिहा. मला तिचा मुलगा म्हणा."

ते गेल्यावर मी ही वही सुरुवातीपासून वाचली. मुख्याध्यापकांची ती हजेरी. मी टाळी वाजवणार होते. वर्तमानपत्रं, चौकशी, राजीनामा, सगळं मी पारखलं आणि जो शब्द त्या पोराच्या पाठीवर पुसला गेला तोच उचलून ठिकठिकाणी लिहीत सुटले. इतर कोणी नाही, मी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नाही, गेल्या महिन्यात.

यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील मी प्रश्नचिन्ह केलं होतं. त्यांनी नामसूचीचा कागद काढला आणि 'ट'ची ओळ काळी केली.

शुक्रवार, १२ जुलै

रकाने मोडले. फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. आता अर्ध्या पानाचाच मजकूर आहे. तो इथेही उतरवते, फक्त त्यांच्या आईचं नाव पुस्तकात आहे, ते या वहीत लिहीत नाही. या वहीने पुष्कळ नावं खराब केली आहेत.

'त्या वर्षी आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला त्याच्या सहाध्यायांनी अनेक महिने छळले. त्याला एक टोपणनाव दिले होते. ते येथे छापलेले नाही. मुख्याध्यापकही हजेरी घेताना तेच वापरत. सहाध्यायी त्याच्या शर्टाला पेनांची शाई पुसत. शाळेने ही थट्टा मानली. त्याच्या आईने ते शर्ट इस्त्री करून शाळेच्या फाटकावर टांगले. त्यानंतर चौकशी झाली. मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला. त्यांनी उभारलेल्या ग्रंथालयाची हकिकत याच पुस्तकात अन्यत्र आहे. विद्यार्थी शाळा सोडून गेला. त्याला थांबवण्यासाठी शाळेने प्रयत्न केल्याचे आढळत नाही.'

मुख्याध्यापकांबद्दलचं वाक्य लिहिताना हात अडला. पलंगावरचा म्हातारा माणूस, त्याला आता काय लागणार, असं वाटलं. मग वाटलं, टिपकागदालाही काय लागणार असंच आपण समजत आलो. पुन्हा लिहिला मी तो शब्द. सवय किती लवकर लागते. खोडत नाही, दिसू दे.

अध्यक्ष संध्याकाळी आले. आपला रकाना गेलेला बघून खरोखर दुखावले. म्हणाले, "बाई, मी कबूल करतोय ना? चारचौघांत करतोय. अजून काय करायला हवं मी?" मी विचारलं, त्यांना जाऊन भेटलात का कधी. म्हणाले, हिंमत नाही झाली, म्हणून तर छापायचं होतं. त्या क्षणी मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एवढा मोठा माणूस खुर्चीत लहान होऊन बसला होता. शेवटी मजकुराला हो म्हणाले. खर्च तेच करतायत, नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते कोण जाणे.

रविवार, ४ ऑगस्ट

आज पुस्तक निघालं. सभागृह भरलं होतं. मला शाल दिली, ती खांद्यावर टोचत राहिली.

चष्मेवाले आले नाहीत. मुलगी आली होती. मागे दाराजवळ उभी राहून तिने ते पान काढलं आणि वाचलं. मग बराच वेळ एकाच ठिकाणी बोट ठेवून राहिली. आजीचं नाव असणार.

तेवढ्यात अध्यक्ष बोलायला उठले. भाषण लिहून आणलं होतं, मी ते आधी वाचून घेतलं होतं, त्यात काही नव्हतं. पण मधेच कागद खाली ठेवला आणि म्हणाले की आज एका मित्राची आठवण येते, ज्याला आम्ही टिपकागद म्हणायचो. सभागृह हसलं. वाईट मनाने नाही, जुनी ओळख पटली की माणसं हसतात तसं. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी शेजारच्याच्या पाठीला निब पुसल्यासारखं केलं. अध्यक्ष डोळे पुसत होते आणि टाळ्या पडत होत्या. मला उठून थांबवता आलं असतं. शाल सावरत बसून राहिले.

मुलगी दारात भेटली. म्हणाली, "बाई, पान चांगलं झालंय. ते बाबांना दाखवीन. बाकीचं नाही सांगणार." मी तिचा हात धरायला गेले, तर तिने नमस्कार केला आणि निघून गेली.

सोमवार, ५ ऑगस्ट

आज घर आवरायला काढलं. नातीच्या दप्तरात नव्या वह्या होत्या, त्यांना लेबलं तिने स्वतःच चिकटवली होती. इयत्ता लिहिलेली, विषय लिहिलेला. नावाच्या जागी प्रत्येक वहीवर एक गोगलगाय काढली होती. शिंगं, पाठीवरचं शंखाचं वेटोळं, सगळं अगदी मन लावून. एका वहीवर तिच्या बाईंनी शेजारी लाल पेनाने लिहिलंय, छान.

मी सगळी लेबलं पुन्हा एकेक करून बघितली. फाटकाशी मीच हाक मारली होती. पोट त्यानंतरच दुखायला लागलं होतं, आणि हल्ली दुखत नाही म्हणून मी निश्चिंत होते. तिने ते मान्य करून टाकलं होतं, म्हणून दुखत नव्हतं.

ती बाहेरच्या खोलीत पायरीवर बूट घालत बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी तिला तिच्या नावाने हाक मारली. पूर्ण, हे मारतात तशी. तिचे हात नाडीवरच थांबले, पण ती वळली नाही. मी पुन्हा मारली, जरा हळू आवाजात.

तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?"